मानशीचं दार

तेविसाव्या प्रकरणात रुजार बुडतो.
पुनवेची मध्यरात्र, खाजनात गुडघाभर भात,
मानशीचं दार हाताने लोटता लोटता
त्याचा पाय सुटतो.
लिहून झालं तेव्हा मी थोडी रडलेही होते,
मग उठून कुकर लावला.

दिवाडीची फेरीबोट पकडली ती नुसत्या खात्रीसाठी.
फळ्या कसल्या, दार किती उंच,
कडी असते का, असली तर कुठल्या बाजूला.
तासाभराचं काम.

मराठीत मानस म्हटलं की मनातली गोष्ट.
इथली मानस लाकडाची.
काळी, ओली, तळाशी कालवं चिकटलेली,
आणि तिच्यापाशी जाळ्याची गाठ सोडवत बसलेला इनास.
त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मान वर केली नाही.
'दाराक हात कोण लायता, बाये?
ओहोटीला आतलं पाणी ते उघडतं,
भरतीला न्हंय येऊन लावून घेते.
पुनवेच्या मध्यान रातीं तर
दार केन्नाच बंद.'

चाळीस पानं गेली.
आवाजसुद्धा झाला नाही.

आठ महिने मी पणजीत कोमुनिदादच्या वह्या वाचल्या होत्या,
कसर लागलेल्या, कारकुनाच्या तिरक्या पोर्तुगीज अक्षरातल्या.
बांधाला चिखल, इतके तांगे.
दोर, इतके.
मानशीला नव्या फळ्या तीन, सुताराची मजुरी, सुताराची फेणी.
बुडालेल्या माणसाचा खर्च कुठल्याच रकान्यात बसत नसावा.
जे वहीत नाही ते माझं,
असं मी धरून चालले होते.
ते पाण्याचं आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

'खंयचो हो रुजार?' इनासने विचारलं.
तेव्हाच सांगायला हवं होतं.
'मालारचा,' मी म्हटलं.
मालार का, तर र ला र जुळतो म्हणून.
'मालारचो,' तो म्हणाला, आणि गाठ दातांत धरली.

नंतर वर्षभर मी त्याला मारायचं टाळलं.
आंबोलीच्या बसमध्ये बसवून पाहिला,
बोटीवर खलाशी केला, आफ्रिकेला धाडला,
तिथून त्याने एक पत्र लिहिलं, तेही फार बरं नव्हतं.

परत गेले तेव्हा धक्क्यावर इश्पेरांस सुंगटं विकत होती.
कादंबरीवालीच ना मी? मालारच्या रुजारची?
मग तिनेच सांगितलं, वाटा मांडता मांडता:
तो दार लावायला नाही उतरला.
अडकलेलं जाळं सोडवायला. ओहोटीला, सांजेची वेळ,
कंदीलसुद्धा पेटवला नव्हता.
वहाणा बांधावर उलट्या ठेवल्या होत्या त्याने,
आत कुर्ल्या शिरू नयेत म्हणून.
सकाळी त्या तशाच.

मी विचारलं, कधीची गोष्ट?
'पयलींची,' ती म्हणाली, आणि सुटे पैसे मागितले.

हे इनासने माझ्याकडून उचलून गावभर केलं,
की रुजार नावाचा कुणी तिथे आधीपासून होता
आणि मी फक्त नाव ऐकून आले, कधी, कुठे, ठाऊक नाही?
मी चौकशी करू शकले असते.
चर्चमध्ये मरणाच्या नोंदी असतात, पाद्री भला माणूस आहे.
फेरीबोट लागली होती. मी चढले.

फोंड्याला पोचेपर्यंत पिशवी ठिबकायला लागली.
सुंगटं सोलली, हात धुतले,
वास गेला नाही त्याच हाताने
वहाणांचं वाक्य लिहिलं. खोडलं.
पुन्हा लिहिलं, उलट्या हा शब्द आधी आणून.
वहीत मागच्या पानावर मी आधारांची यादी ठेवते,
ग्रंथ, दस्तऐवज, मुलाखती.
तिथे कुठल्या ओळीवर पेन टेकवावं
ते सुचेना.

साडेसहा वाजलेत. आज पुनव.
तिकडे दार आत्ता उघडं असेल.